झेंडा, मोर्चा आणि पोलिसांची हद्द

खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे. इथून भुसावळच्या दिशेने गाडी पकडली की नंदुरबार लागते आणि नंदुरबारच्या बाजारपेठेत शिरले की शिरीषकुमारचे स्मारक. दर ९ सप्टेंबरला तिथे हार घातले जातात, भाषणे होतात. त्या भाषणांत एक प्रश्न सहसा निघत नाही. १९४२ च्या त्या दिवशी गोळीबार करणाऱ्या पोलिसांना नेमका काय अधिकार होता? आणि आज तेवढाच जमाव हातात झेंडा घेऊन निघाला, तर त्यांना काय अधिकार आहे?

इंग्रजांचा कायदा गेला आणि आपला आला, असे म्हणून हा प्रश्न निकालात निघत नाही. कारण जमाव पांगवण्याचे कलम जवळपास जसेच्या तसे राहिले आहे. बदलले आहे ते दुसरेच काही, आणि ते माहीत नसल्यामुळे गावोगावचे कार्यकर्ते एकतर उगाच घाबरतात, नाहीतर उगाच अंगावर गुन्हे ओढवून घेतात.

९ सप्टेंबर १९४२

मुंबईत ८ ऑगस्टला ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. मोठे पुढारी तुरुंगात गेले, त्यामुळे लहान गावांतली चळवळ पोरासोरांच्या हाती आली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. गुजरातला खेटलेली व्यापारी पेठ, त्यामुळे मिरवणुकीतल्या घोषणाही गुजरातीतून. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे वय पंधरा. धरपकडीला महिना झाला त्या दिवशी तिरंगा घेऊन मुलांची फेरी निघाली. पोलिसांनी ती अडवली, पांगायला सांगितले, मुले हटली नाहीत आणि गोळीबार झाला. फेरीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा शिरीष पुढे झाला, असे नंदुरबारमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा असे पाच जण गेले.

तेव्हा १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्या कलम १२७ नुसार पाच किंवा अधिक माणसांचा जमाव सार्वजनिक शांतता बिघडवण्याची शक्यता असेल, तर दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख त्याला पांगण्याचा हुकूम देऊ शके. कलम १२८ नुसार हुकूम न मानल्यास बळ वापरता येई. ‘शक्यता’ आहे की नाही हे ठरवणारा तोच अधिकारी. त्याचे चुकले असे म्हणायला मुलांकडे कायद्याचा कोणताही आधार नव्हता, कारण बोलण्याचा किंवा जमण्याचा मूलभूत हक्क असे काही अस्तित्वातच नव्हते.

त्याआधी नागपूर

झेंड्यासाठी पोलिसांशी गाठ पडण्याची मराठी मुलखातली ही पहिली वेळ नव्हे. १९२३ च्या १ मे रोजी नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायचे, एवढीच मागणी. तो भाग गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांचा. प्रशासनाने कलम १४४ लावून झेंड्याच्या मिरवणुकीला बंदी केली. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाई पटेल सूत्रे हाती घ्यायला आले. शेकडो स्वयंसेवक रोज थोडे थोडे जाऊन स्वतःला पकडवून घेत राहिले. अखेर १८ ऑगस्टला झेंड्यांसह मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली.

इथे हिंसेचा प्रश्न नव्हता. झेंडा कुणाच्या रस्त्यावरून जातो, यालाच सरकारने शांततेचा प्रश्न केले होते. जमावबंदीचे हे दुखणे जुने आहे: धोका जमावाचा असतो की झेंड्याचा, हे आदेशात लिहिलेले नसते.

कलमे तीच, वर राज्यघटना

१८९८ ची संहिता जाऊन १९७३ ची आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने १४४ आता १६३ झाले. जमाव पांगवण्याचे कलम आता १४८. ते वाचले तर १२७ ची ओळख पटते. पाच माणसे, शांतता बिघडण्याची शक्यता, पांगण्याचा हुकूम, मग बळ. ठाण्याचा प्रमुख नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी हुकूम देऊ शकतो, असा मजकूर मधल्या काळात त्यात आला आहे. हवालदार किंवा शिपाई मात्र जमावाला कायदेशीरपणे ‘पांगा’ म्हणू शकत नाही.

फरक पडला तो २६ जानेवारी १९५० ला. अनुच्छेद १९ ने बोलण्याचा, आणि शांततेने व शस्त्रांशिवाय जमण्याचा हक्क दिला. अनुच्छेद १३ ने त्याच्याशी न जुळणारा कायदा तेवढ्यापुरता बाद ठरवला. हक्कावर बंधने घालता येतात, पण ती वाजवी हवीत आणि घटनेत मोजून दिलेल्या कारणांसाठीच हवीत. सरकार किंवा मंत्री अडचणीत येतील, हे त्या कारणांत नाही.

कलम १४४ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६१ साली नागपूरच्याच एका प्रकरणात, बाबूलाल पराते खटल्यात, ते वैध ठरले. पण वैध ठरले ते तातडीच्या प्रसंगासाठी. २०२० च्या जानेवारीत अनुराधा भसीन खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की असे आदेश जाहीर झाले पाहिजेत, त्यांत ठोस कारणे हवीत आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. १९४२ च्या अधिकाऱ्याला फक्त वाटावे लागत होते. आजच्या अधिकाऱ्याला का वाटले ते लिहावे लागते, आणि ते दुसरा कुणी तपासू शकतो. सगळा फरक एवढ्यात आहे, आणि तो लहान नाही.

तिरंगा: हक्कही, बंधनही

तिरंगा सन्मानाने फडकवणे हा अभिव्यक्तीचा भाग आहे, हे २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल प्रकरणात ठरवले. त्यामुळे मोर्चात तिरंगा आणला म्हणून कुणाला अडवता येत नाही.

मात्र १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा कडक आहे. सार्वजनिक ठिकाणी तिरंगा जाळणे, फाडणे, तुडवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडचे कार्यकर्ते फसतात ते याहून साध्या गोष्टींत. झेंड्यावर काहीही लिहिणे हे अवमानात मोडते, अगदी ‘आमची वनजमीन द्या’ असे लिहिले तरी. मागणीसाठी वेगळा फलक करावा. हेतुपुरस्सर केशरी पट्टा खाली करून धरणे हेही त्याच कायद्यात येते. निषेध म्हणून उलटा झेंडा धरण्याची कल्पना कुणाला सुचली, तर तिला तिथेच आवर घालावा.

याच कायद्यात एक स्पष्टीकरण आहे, ते कुणी वाचत नाही. राज्यघटनेवर, राष्ट्रध्वजावर किंवा सरकारच्या निर्णयावर टीका करणे, आणि सनदशीर मार्गाने त्यांत बदल मागणे, हा गुन्हा नाही. म्हणजे झेंड्याच्या कापडाला संरक्षण आहे, पण त्याविषयी बोलण्यावर बंदी नाही. अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी झेंडा जाळणेही अभिव्यक्तीत धरले. आपल्याकडे तसे नाही, आणि परदेशातली चित्रफीत पाहून इथे तसे करायला जाणारा सरळ तुरुंगात जाईल. मला आपली विभागणी पटते, पण तिची दुसरी बाजू ठाण्यात नेहमी लक्षात ठेवली जाते असे नाही.

काळा झेंडा

मंत्री येणार म्हटले की काळ्या झेंड्यांची चर्चा सुरू होते. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन आयोग मुंबईत उतरला तेव्हा त्याचे स्वागत काळ्या झेंड्यांनीच झाले होते.

काळे कापड दाखवणे हा कोणत्याही कायद्याने स्वतंत्र गुन्हा नाही. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याला काळे झेंडे दाखवल्याचे प्रकरण रद्द करताना, त्यात बदनामी होत नाही असे सांगितले. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क इथेही मांडता येतो. गुन्हा होतो तो पुढच्या पावलाला. ताफ्यासमोर आडवे पडणे, गाडीवर काही फेकणे, बंदोबस्तावरच्या पोलिसाला ढकलणे यांची कलमे वेगळी आणि जड आहेत.

झेंड्याच्या काठीचे तेवढे पाहावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खालच्या आदेशात लाठ्याकाठ्या बाळगायला मनाई असते. जाड बांबूला झेंडा बांधला तर पोलीस काठी काढून घेतील आणि ते त्यांच्या अधिकारात बसेल. हातभर लांबीची बारीक काठी किंवा नुसते हातात धरलेले कापड, यावर वाद होत नाही.

माजलगावचा निकाल

नंदुरबार जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो, त्यामुळे या खंडपीठाचे म्हणणे खांडबाऱ्याला सगळ्यांत जवळचे.

जानेवारी २०२० मध्ये बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम ३७ चा आदेश काढला. आंदोलनांमुळे कायदा व सुव्यवस्था बिघडू शकते, असे त्यातले कारण. या आदेशाकडे बोट दाखवून माजलगावच्या पोलिसांनी जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात शांततेने धरणे धरायला परवानगी नाकारली. आयोजक खंडपीठात गेले. न्या. तानाजी नलावडे आणि न्या. मुकुंद सेवलीकर यांनी १३ फेब्रुवारीला दोन्ही आदेश रद्द केले.

आदेश वरवर सगळ्यांसाठी होता, पण प्रत्यक्षात तो एकाच कायद्याला विरोध करणाऱ्यांचे तोंड बंद करण्यासाठी काढला गेला, हे न्यायालयाने ओळखले. एका कायद्याला विरोध करणाऱ्याला तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येत नाही, हेही सांगितले. आंदोलकांचे म्हणणे बरोबर की चूक, हा प्रश्न न्यायालयाने विचारलाच नाही. शांततेने म्हणणे मांडता येते की नाही, एवढेच पाहिले. आपला देश अहिंसक आंदोलनांतून स्वतंत्र झाला याची आठवण निकालात आहे, आणि ती नंदुरबारच्या जिल्ह्यात वाचताना वेगळी लागते.

कलम ३७(३) बद्दल एक साधी गोष्ट: जमाव किंवा मिरवणुकीवरची ही बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणूनच सणवार, निवडणूक, जयंती आली की जिल्ह्याजिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. त्यांची तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी. कालबाह्य आदेशाच्या जोरावर अडवल्याची उदाहरणे चर्चेत येतात ती तारीख न पाहिल्यामुळेच.

परवानगी की पूर्वकल्पना?

१९७२ साली हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्याखालचा एक नियम तपासला. हा तोच १९५१ चा कायदा, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून इथे लागू आहे. रस्त्यावरच्या सभेचे नियमन पोलीस करू शकतात. वेळ, जागा, मार्ग ठरवून देऊ शकतात. पण कोणताही निकष न ठेवता मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याची मुभा घटनेत बसत नाही, असा निकाल झाला.

म्हणून अर्ज द्यावा. पोलीस ठाण्यात दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. त्यात वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आणि जबाबदार दोन-चार व्यक्तींची नावे असावीत. नकार आला तर तो लेखी मागावा. ‘साहेब नाही म्हणाले’ हा आदेश नव्हे, आणि त्यावर न्यायालयात जाताही येत नाही. नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीतला, इथे पेसा हा अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा लागू आहे, म्हणून ग्रामसभेचा ठराव केला की पोलिसांकडे जायची गरज नाही असा समज कुठे कुठे आहे. तो खरा नाही. ग्रामसभेचा ठराव मागणीला वजन देतो, मोर्च्याच्या परवानगीची जागा घेत नाही.

‘१४९ ची नोटीस’

मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी गोपनीय शाखेचा माणूस फोन करतो, मग ठाण्यातून बोलावणे येते आणि एक छापील कागद पुढे केला जातो. त्याला अजूनही सगळे ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात; कायद्याने ते आता कलम १६८ आहे. मजकूर ठरलेला असतो: आपल्या हद्दीत कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास वैयक्तिक जबाबदार धरण्यात येईल, ही नोटीस पुरावा म्हणून न्यायालयात सादर केली जाईल. खाली सही.

कागद पाहून माणूस हबकतो, पण मूळ कलम एवढेच सांगते की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस मध्ये पडू शकतात. नोटिशीने मोर्चा बेकायदा ठरत नाही. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असेही नाही. ती फक्त पोच. सहीशेजारी ‘आमचा कार्यक्रम शांततेचा आहे’ असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारे कार्यकर्ते शहाणे.

पुढचे पाऊल स्थानबद्धतेचे. कलम १७०, जुने १५१. दखलपात्र गुन्ह्याचा बेत आहे हे पोलिसांना कळले असेल आणि अटक केल्याशिवाय तो टाळता येणार नसेल, तरच अटक. तीही चोवीस तासांपुरती, दुसऱ्या कारणाने कोठडीची गरज नसेल तर. काळे कापड दाखवणे हा दखलपात्र गुन्हाच नसेल, तर त्याच्या बेतासाठी कुणाला सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवणे या कलमात बसत नाही. तरी ते होते. मंत्र्याची गाडी गेली की सोडून देतात, मग कुणी तक्रार करत नाही, आणि पद्धत पडून जाते.

पांगा म्हटल्यावर

बळ कधी आणि किती, यावर रामलीला मैदानाचा निकाल महत्त्वाचा. ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीत झोपलेल्या जमावावर पोलिसांनी बळ वापरले. २३ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले. झोपलेल्या माणसाकडून शांततेला धोका कसा, हा त्यातला साधा प्रश्न. आयोजकांवरही न्यायालयाने काही जबाबदारी टाकली, कारण त्यांनी लोकांना वेळेत निघून जायला सांगितले नाही. हे मोर्चा काढणाऱ्यांनी विसरू नये. कायदेशीर हुकूम ऐकू आला की संयोजकाने लोकांना वळवायचे आणि भांडण नंतर न्यायालयात करायचे.

आपल्या जिल्ह्याला याची किंमत स्वातंत्र्यानंतरही मोजावी लागली आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यात होते तेव्हा, अक्राणी भागातल्या चिंचखेडीत सरदार सरोवराच्या सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. रेहमल पुन्या वसावे त्यात गेला. वय पंधरा, शिरीषकुमारएवढेच. त्याचे नाव नर्मदेच्या काठी घेतले जाते, शाळेच्या पुस्तकात नाही.

मोबाईलवरचे स्टेटस

आता झेंडा रस्त्यावर कमी आणि मोबाईलवर जास्त फडकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ५ ऑगस्ट, म्हणजे अनुच्छेद ३७० हटवल्याचा दिवस, हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात दोन गटांत वैर वाढवल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला नाही. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे आणि शेजारी देशाला शुभेच्छा देणे, दोन्ही गुन्हा नाही. आपल्या पोलीस यंत्रणेला अभिव्यक्ती स्वातंत्र्य समजावून सांगण्याची वेळ आली आहे, असेही खंडपीठाने म्हटले.

शब्दांचा परिणाम कोणत्या मापाने मोजायचा? विचारी आणि खंबीर माणसाच्या. प्रत्येक वाक्यात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे. हे माप नागपूर उच्च न्यायालयाच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घालून दिले. २८ मार्च २०२५ ला न्या. ओक आणि न्या. भुयान यांनीच महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करताना ते पुन्हा वापरले. सोबत एक व्यावहारिक गोष्टही सांगितली. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा, बोलण्या-लिहिण्याशी संबंधित आरोप असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य. गावातल्या कुणीतरी स्क्रीनशॉट आणून दिला आणि रात्रीच गुन्हा दाखल झाला, या पद्धतीला इथे लगाम बसू शकतो, पण ठाण्यात हे कलम काढून दाखवणारा कुणी असला तर.

अटकेचे कारण, कुठल्या भाषेत?

अटक झालीच तर कारण लेखी मिळाले पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. लगेच लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा. आणि तो अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत हवा.

तो खटला मुंबईच्या वरळीतला, मोटार अपघाताचा. त्याचा मोर्च्यांशी काही संबंध नाही. पण त्यातली भाषेची अट सगळ्यांत जास्त भिडते ती नवापूर तालुक्याला. इथे घरात मावची, भिली, कोकणी बोलणारी माणसे मोर्च्याला येतात. त्यांतल्या अनेकांना मराठी बोललेली कळते, ठाण्याच्या छापील मराठीत ‘उपरोक्त इसमाने संगनमत करून’ असे लिहिलेले कळत नाही. मावचीत लिहिलेला अटकेचा कागद कुणी तयार करणार नाही हे उघड आहे. मग वाचून, समजावून सांगितल्याची नोंद तरी स्टेशन डायरीत हवी, समजावणाऱ्याच्या नावासह. ती नसेल तर जामिनाच्या अर्जात वकिलाने मांडायचा तो पहिला मुद्दा.